शेडमधली एमजीबी घरी आणण्याआधी

ऑक्सफर्डच्या पश्चिमेला एका गावात, शेतघराच्या शेडमध्ये १९६८ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी, उभी आहे. बावीस वर्षांत ती जागची हललेली नाही. मालक थकले आहेत, हिवाळ्याआधी त्यांना शेड रिकामी करायची आहे आणि शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आहे. ही यादी त्या शनिवारसाठी केली आहे. अशीच एखादी गाडी तुमच्या मनात भरली असेल तर तुम्हालाही ती उपयोगी पडेल.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत. चांगला टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक, मोठा स्क्रूड्रायव्हर, प्लग पान्हा, जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या, लाकडाचा ठोकळा, पुठ्ठा आणि मळले तरी चालतील असे कपडे. पुठ्ठा खाली झोपण्यासाठी. गाडीखाली झोपायची तयारी नसेल तर बघायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी बॅटरी जोडून ‘बघू, चालू होते का’ असं कुणी म्हणालं तर आधी नको म्हणा. नऊ वर्षांपूर्वी मी एक एमजीबी जीटी, म्हणजे याच गाडीचं पक्क्या छताचं रूप, घेतली, ती पहिल्याच सेल्फला सुरू झाली म्हणून. त्या आवाजानं मी इतका हरखलो की खाली वाकून बघितलंच नाही. सहा महिन्यांनी गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा कळलं की कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा डकवून वर रंग मारला होता. ती गाडी सुटे भाग करून विकावी लागली. ते दुःख अजून गेलेलं नाही.

म्हणून आधी पत्रा बघायचा, इंजिन नंतर. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. रोडस्टरला तर वरून छताचाही आधार नसतो, त्यामुळे सगळा भार सिलवर येतो. सिल म्हणजे दाराखालून उंबऱ्यासारखी जाणारी पत्र्याची पेटी. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि खाली आतल्या बाजूला कॅसल सेक्शन, असे तिचे थर. बाहेरचा थर चकचकीत आणि आतले दोन्ही भुगा झालेले, हे सर्रास आढळतं. चुंबक सिलच्या खालच्या कडेवरून आणि मडगार्डच्या टोकांवरून सावकाश फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग मालकांची परवानगी घेऊन कॅसल सेक्शनवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोका. निरोगी पत्रा टणक वाजतो. कुजलेला दबका आवाज करतो आणि मातीसारखी तपकिरी खपली खाली पडते.

त्यानंतरची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली नीट बघा, हवं तर फोटो काढा. मग जॅकिंग पॉइंटखाली ठोकळा ठेवून ती बाजू हळूहळू उचला. फट बदलली, दार अडकलं किंवा जॅकच पत्र्यात रुतला, तर गाडीचा कणा गेलेला आहे. असा कणा परत उभा करता येतो. पण त्यासाठी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार वेल्ड करावे लागतात, गाडी समतल ठेवावी लागते, आणि मगच जुनी सिल कापायची. आधार न देता कापली की बॉडी वाकते आणि मग दारं कधीच नीट बसत नाहीत. पुढची मडगार्डं बोल्टनं बसवलेली असतात, ती निघतात. मागची वेल्ड केलेली. ‘सिल बदलली आहे’ असं ऐकलं की मडगार्डाचा खालचा भाग उघडून काम केलं होतं का, हा प्रश्न विचाराच.

गाडीखाली गेलाच आहात तर मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथे बॉडीला धरतं ती जागा बघा. सीटच्या मागे झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या पेट्या असतात. अॅसिडनं त्यांचा तळ हमखास खाल्लेला असतो. पेट्रोलची टाकी वरच्या बाजूनं गंजते, कारण ती आणि डिकीचा तळ यांच्या फटीत ओल साचते. खालून ती धडधाकट दिसली तरी विश्वास ठेवू नका.

इंजिनाबद्दल मला फारशी चिंता नाही. १७९८ सीसीचं हे बी-सीरिज इंजिन ओतीव लोखंडाचं, साधं आणि दणकट आहे. ऑक्टोबर १९६४ नंतरच्या गाड्यांत क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पाच बेअरिंग आहेत, आधीच्यांत तीन. आपल्या गाडीत पाच असायला हवीत. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पान्हा लावून हातानं फिरवून बघा. जाम असेल तर जोर लावू नका, गाडी ओढून तर मुळीच फिरवू नका. तेलाला दिवस द्यावे लागतात. रेडिएटरच्या तोंडाशी तेलकट साय दिसली तर हेड उतरवायचंच आहे असं धरून चाला.

ब्रेकचे होज, व्हील सिलिंडर, पेट्रोलच्या रबरी नळ्या, टायर हे बघत बसण्यात अर्थ नाही. बावीस वर्षांनंतर सगळं नवंच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं आहे, आणि जुनं रबर ते खाऊन टाकतं.

कागदपत्रं मात्र सावकाश वाचायची. व्ही-५-सी लॉगबुकवरचा (ब्रिटनमधल्या नोंदणीच्या कागदावरचा) चासी नंबर बॉनेटखालच्या पट्टीशी ताडून बघा. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं; एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाचा रंग आणि इंजिन नंबर त्यात कळतो. गाडी चाळीस वर्षांवरची असल्यामुळे रोड टॅक्स माफ होऊ शकतो, आणि मोठे फेरफार केले नसतील तर एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीचीही सक्ती नाही. तरी रस्त्यावर काढण्याआधी मी ती तपासणी करून घेणार. पुण्या-मुंबईत जुनी गाडी धुंडाळणाऱ्यांसाठी एक नोंद: २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते. पहिल्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. रोज ऑफिसला न्यायला ती चालत नाही.

आता हिशेब. तो जाण्याआधीच, घरी बसून, कागदावर मांडायचा. वेल्डिंग, रंग, क्रोम, हूड (घडीचं कापडी छत), सीटं, ब्रेक, वायरिंग असे रकाने पाडा आणि प्रत्येकासमोर भाव विचारून आकडा लिहा. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत पाच लाखांवर बनली, त्यामुळे पार्ट भरपूर मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून अख्खी नवी बॉडीसुद्धा मूळ साच्यांवरून बनवते. पण याच मुबलकतेमुळे तयार, चालती एमजीबी बाजारात रास्त भावात मिळते, आणि पुरी कुजलेली गाडी उभी करायचा खर्च तिच्या किमतीच्या पुढे सहज जातो. फायद्यासाठी हे काम करू नये. सिल मी स्वतः वेल्ड करू शकतो, रंग नाही. गॅरेज किती दिवस अडकेल, घरची गाडी पावसात कुठे उभी राहील, शनिवार-रविवार किती जातील, हे बायकोशी बोलून ठरवलं आहे: दोन हिवाळे, त्याहून जास्त नाही.

नकाराची रेघही आजच आखली आहे. एका बाजूचीच सिल आणि फ्लोअर गेलेला असेल तर गाडी घेणार. दोन्ही सिल, पाट्यांच्या जागा आणि पुढच्या चाकांमागचा भाग, हे तिन्ही गेलं असेल तर ती मी उभी करायला घेणार नाही. तेव्हा मालकांना सांगेन की इंजिन, ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स, तारांची चाकं आणि लॉगबुकबरोबर जपलेली ती हस्तलिखित सर्व्हिस वही एखाद्या नव्या बॉडीवर गाडी बांधणाऱ्याला मिळवून द्यायला मी मदत करतो. दोन्ही उत्तरं त्यांना समोर बसून, चहा घेताना द्यायची आहेत. त्यांनी ही गाडी नवी घेतली होती.