प्रोजेक्ट झॉम्बॉइड: कॅरेक्टर बनवताना आणि हत्यार निवडताना या चुका टाळा

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या झॉम्बींपासून जीव वाचवायच्या गेममध्ये कॅरेक्टर पहिल्याच आठवड्यात मेलं की खेळाडू म्हणतो, हत्यार चांगलं मिळालं नाही. हत्यार बहुतेक वेळा ठीकच असतं. संपलेला असतो तो दम. आणि तो लढाईत नाही, कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरच संपलेला असतो. तिथे दोन मिनिटांत ट्रेट (चांगले गुण पॉइंट खर्चून घ्यायचे, दोष घेतले की पॉइंट परत मिळतात) निवडून 'चला सुरू करू' म्हणणाऱ्यांकडून त्याच त्या चुका होतात.

खालचे सगळे आकडे बिल्ड ४१चे, म्हणजे डिसेंबर २०२१ला आलेल्या स्थिर आवृत्तीचे आहेत. बिल्ड ४२मध्ये सतत हत्यार चालवल्यावर स्नायूंवर ताणही येतो, त्यामुळे दम जपण्याची गरज तिथे वाढतेच.

चूक पहिली: फिटनेस विकून ताकद घेणं

सगळ्यात जास्त कॅरेक्टर या एका चुकीने मरतात, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहितो.

स्ट्रेंग्थ आणि फिटनेस दोन्ही ५ पासून सुरू होतात आणि १० पर्यंत जातात. 'स्ट्राँग' हा ट्रेट १० पॉइंटांना मिळतो आणि स्ट्रेंग्थ ४ ने वाढवतो. 'अनफिट' घेतला की १० पॉइंट परत मिळतात आणि फिटनेस ४ ने घटतो. हिशेब शून्यावर येतो, आणि नवख्याला वाटतं की फुकटात पैलवान मिळाला. त्यावर लंबरजॅक हा व्यवसाय घेतला, जो ० पॉइंटांचा आहे, की स्ट्रेंग्थ १०, कुऱ्हाडीचं स्किल २ आणि कुऱ्हाड इतरांपेक्षा वेगाने फिरवण्याची खुबी. फिटनेस मात्र १.

असा पैलवान गेममधल्या वेस्ट पॉइंट गावात उतरला की काय होतं ते पाहा. हातात कुऱ्हाड, समोर रस्त्यावर बारा झॉम्बी. पहिले तीन-चार झपाट्याने पडतात आणि खेळाडूला वाटतं, जमलं. मग उजव्या कोपऱ्यात थकव्याचं पहिलं चिन्ह उमटतं. तो दुर्लक्ष करतो, कारण चिन्ह लहान आहे आणि झॉम्बी अजून आठ उरलेत. पण त्या लहानशा चिन्हाने घावाची ताकद निम्मी झालेली असते. जो झॉम्बी दोन घावांत पडत होता त्याला आता चार लागतात, आणि जड हत्याराचा प्रत्येक घाव आणखी दम खातो. दुसरं चिन्ह आलं की घावाची ताकद मूळच्या २० टक्क्यांवर येते, तिसऱ्याला १०, चौथ्याला ५. शेवटी स्ट्रेंग्थ १०चा माणूस कुऱ्हाडीने नुसता ढकलाढकली करत उभा असतो. पळावं म्हटलं तर पायांतही त्राण नाही. फिटनेस १ असल्यामुळे दम भरून यायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात मागचा घोळका पोहोचतो. झॉम्बी चावला की संसर्ग १०० टक्के. ओरबाडल्यास ७ टक्के, कातडी फाटल्यास २५ टक्के, पण चाव्याला सूट नाही.

स्ट्रेंग्थ निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. घावाचा जोर, झॉम्बीला मागे लोटणं, ओझं उचलणं हे सगळं तिच्यावर आहे. पण थकव्याने गुणाकारच ०.२ वर आला, तर मूळ आकडा कितीही मोठा असून हाती काही लागत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फिटनेस ५ च्या वर न्या, मग उरलेल्यात ताकद घ्या.

पॉइंट कसे जुळवायचे, ते एका उदाहरणाने सांगतो. फायर ऑफिसर घ्या. ० पॉइंट, स्ट्रेंग्थ आणि फिटनेस प्रत्येकी १ ने जास्त, कुऱ्हाडीचं स्किल १, स्प्रिंटिंग १. त्यावर 'फिट' (६ पॉइंट, फिटनेस २ ने जास्त) आणि 'स्टाउट' (६ पॉइंट, स्ट्रेंग्थ २ ने जास्त). दोन्ही आकडे ८ झाले, खर्च १२. भरपाईला 'स्मोकर' ४, 'हाय थर्स्ट' ६, 'वीक स्टमक' ३, 'स्लो रीडर' २, एकूण १५. उरलेल्या तिनांपैकी दोन 'कॅट्स आइज'ला (अंधारात जास्त दिसणं) द्या. या कॅरेक्टरमध्ये दिमाखदार काही नाही, पण ते लढता लढता कोसळत नाही. सिगारेट आणि लायटर घरांमध्ये आणि मेलेल्यांच्या खिशांत सापडतात. जास्त तहानेला पाण्याची एक जादा बाटली पुरते. कच्चं किंवा शिळं खायचं नाही एवढं पथ्य पाळलं की नाजूक पोट आडवं येत नाही.

'व्यायाम करून नंतर फिटनेस वाढवीन' हा बेत सुरुवातीच्या आठवड्यांत उपयोगाचा नाही. स्क्वॉट आणि सिट-अप्सने फिटनेस वाढतो, पुश-अप्सने स्ट्रेंग्थ, बर्पीने दोन्ही. पण पातळी फार सावकाश चढते आणि अंग आखडतं ते वेगळंच. व्यायाम जरूर करा. फक्त सुरुवातीची तूट त्याच्या भरवशावर ठेवू नका.

खेळताना एकच सवय लावून घ्या. पहिलं चिन्ह दिसलं की ती लढाई तिथेच थांबवा. धावू नका, चालत अंतर वाढवा, वळण घेऊन नजरेआड व्हा आणि जमिनीवर बसा. बसल्यावर दम उभं राहण्यापेक्षा लवकर भरतो. चिन्ह पूर्ण गेल्यावरच परत या. झॉम्बी तिथेच कुठेतरी असतात, त्यांना घाई नाही.

झोप विकणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण

'रेस्टलेस स्लीपर'चे ६ पॉइंट आकर्षक दिसतात. पण झोप पुरी झाली नाही की घावाचा जोर तसाच घसरतो आणि दमही नीट भरत नाही. दिवसभर अर्ध्या ताकदीने लढायचं असेल तरच घ्या. 'अ‍ॅस्थमॅटिक'चे ५ तर लढणाऱ्या कॅरेक्टरने घेऊच नयेत. 'डेफ'चे १२ पॉइंट दिसतात मोठे, पण मागून येणाऱ्याची चाहूल कायमची जाते, आणि बरेचसे चावे मागूनच बसतात.

चूक दुसरी: जे सापडेल ते हत्यार चालवणं

इथे गेम एक गोष्ट नीट समजावून सांगत नाही. ज्या स्किलमध्ये सुरुवातीला एकही पातळी नाही, त्यात मिळणारा अनुभव एक चतुर्थांशच धरला जातो. सुरुवातीला एक पातळी असेल तर तो पूर्ण मिळतो. स्ट्रेंग्थ आणि फिटनेसला हा नियम नाही, पण हत्यारांना आहे. म्हणजे कॅरेक्टर बनवतानाच ठरवावं लागतं की पुढचे काही महिने हातात काय असणार. सुतारकाम मागे पडलं तर पुस्तकं आहेत, पहिल्या दिवसांत टीव्हीवर 'लाइफ अँड लिव्हिंग' चॅनेलही आहे. हाणामारीच्या स्किलसाठी पुस्तकं नाहीत. ती मारूनच शिकायची, आणि चौथाई वेगाने शिकायची म्हटलं तर कॅरेक्टर तेवढं टिकत नाही.

हत्यारांची कुटुंबं नीट ओळखा. बेसबॉल बॅट, क्रोबार, फावडं, गोल्फ क्लब हे लाँग ब्लंट (लांब, बोथट). हातोडा, पोलिसांचा दंडुका, तवा, लाटणं हे शॉर्ट ब्लंट. मॅचेटी आणि कटाना लाँग ब्लेड. मोठी कुऱ्हाड आणि हातकुऱ्हाड दोन्ही अ‍ॅक्स. सकाळी बॅट, दुपारी हातोडा, संध्याकाळी मॅचेटी असं केलं की अनुभव तीन खात्यांत विखुरतो आणि एकही खातं भरत नाही. 'ब्रॉलर' ६ पॉइंटांत कुऱ्हाड आणि लाँग ब्लंट दोन्हींची एकेक पातळी देतो. ते जड वाटलं तर 'बेसबॉल प्लेयर' ४ पॉइंटांत फक्त लाँग ब्लंट देतो. कन्स्ट्रक्शन वर्करला शॉर्ट ब्लंटच्या ३ पातळ्या मिळतात आणि किंमत फक्त २. त्याने घराघरांत सापडणारा हातोडा सोडून क्रोबारच्या मागे लागायचं काही कारण नाही.

टिकाऊपणाचा हिशेबही कोणी करत नाही. हत्याराला ठरावीक कंडिशन असते आणि प्रत्येक फटक्याला त्यातला एक कमी होण्याची शक्यता असते. मेंटेनन्स स्किल (हत्यार कमी झिजवण्याचं) शून्य धरून:

क्रोबार: कंडिशन १५, ७० फटक्यांत एकदा झीज. सरासरी १०५० फटके.
कुऱ्हाड: कंडिशन १३, ३५ फटक्यांत एकदा. सरासरी ४५५.
बेसबॉल बॅट: कंडिशन १५, २० फटक्यांत एकदा. सरासरी ३००.

एकेका घावात कुऱ्हाड क्रोबारपेक्षा कितीतरी भारी आहे. तरीही नवख्याच्या हातात क्रोबारच बरा, आणि कारण नुसतं टिकाऊपणाचं नाही. ज्या फटक्याला हत्यार झिजत नाही त्या फटक्याला मेंटेनन्सचा अनुभव मिळतो. न झिजणारं हत्यार वापरलं की मेंटेनन्स लवकर चढतं, आणि मग पुढे सापडणारी कुऱ्हाडही जास्त दिवस जाते. ज्यांना पहिल्या दिवसापासून कुऱ्हाडच हवी त्यांनी रोझवूडच्या फायर स्टेशनकडे जावं. तिथे ती सापडण्याची शक्यता चांगली आहे आणि गाव वेस्ट पॉइंटच्या मानाने शांत आहे. झाडं तोडायला मात्र दुसरी कुऱ्हाड ठेवा. लढाईतली कुऱ्हाड लाकडावर झिजवणं हा निव्वळ आळस आहे.

आणि दोन हातांचं हत्यार दोन्ही हातांत धरा. दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन बॅट फिरवणारे मग तक्रार करतात की बॅटमध्ये दम नाही.

बंदूक म्हणजे सुटका नव्हे

पोलीस स्टेशनमधून पिस्तूल मिळालं की शहाण्या खेळाडूंचाही तोल जातो. एमिंग (नेमबाजीचं स्किल) ० असताना पिस्तुलाच्या निम्म्या गोळ्या वाया जातात, घाबरलेल्या अवस्थेत त्याहून जास्त, आणि प्रत्येक गोळीचा आवाज आजूबाजूच्या गल्ल्यांना बोलावणं धाडतो. तीन झॉम्बींसाठी पाच गोळ्या झाडायच्या आणि बदल्यात तीस ओढवून घ्यायचे, हा सौदा कोणत्या हिशेबाने परवडतो?

बंदूकच शिकायची असेल तर शॉटगनने शिका. छर्रे पसरतात, त्यामुळे कच्च्या नेमालाही झॉम्बी लागतात आणि एमिंग लवकर चढतं. तिचा आवाज सगळ्यात मोठा असतो, म्हणून आधी परतीची वाट ठरवा: गाडी सुरू होते का पाहा, तिचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, काडतुसं मोजून घ्या आणि ठरलेली संपली की निघा. पोलीस ऑफिसर (एमिंग ३) किंवा व्हेटरन (एमिंग २, आणि घाबरणं जवळजवळ नाहीच) घेतला नसेल, तर पहिल्या महिन्यात बंदुका पेटीत राहू द्या.

काही लहान चुका

'थिक स्किन्ड' उपयोगी आहे, पण त्याचे ८ पॉइंट फिटनेसच्या आधी घालवू नका. झॉम्बी अंगाला भिडलाच नाही तर जाड कातडीची गरज पडत नाही.

'इलिटरेट'चे ८ पॉइंट घेऊन मग पुस्तकं गोळा करत बसणारे आहेत. ते कॅरेक्टर ती वाचूच शकत नाही.

हाताने बनवलेला भाला लांबून मारतो आणि जोरात मारतो, पण पटापट मोडतो. एक घेऊन बाहेर पडू नका, चार-पाच घ्या, आणि स्पिअर स्किल वाढवायचं ठरवलं असेल तरच.

घण मिळाला तर तो भिंती आणि जिने पाडायला राखून ठेवा. तो दुर्मीळ आहे, आणि झॉम्बीवर फिरवला तर त्याचं वजनच दम संपवतं.

पाठीवर सामान भरून लढायला उभं राहू नका. जड ओझ्याने दम उतरतो लवकर आणि भरतो उशिरा. पिशवी जमिनीवर टाका, लढा, मग उचला.

अ‍ॅपोकॅलिप्स मोडमध्ये एका घावात एकच झॉम्बी लागतो. एका घावात अनेक झॉम्बी लागतात अशा सर्व्हायव्हर मोडमधले व्हिडिओ बघून घोळक्यात कुऱ्हाड फिरवायला जाणारे हे विसरतात. इथे कमी उंचीच्या कुंपणाचा आधार घ्या. झॉम्बी ते ओलांडताना पडतो, पडलेल्याला मारायला कमी घाव लागतात.

'निम्बल'कडे कोणी पाहत नाही. हत्यार उगारून मागे सरकण्याचा वेग त्यावर ठरतो. 'जिम्नॅस्ट' ५ पॉइंटांत त्याची एक पातळी देतो, बर्गलरला २ मिळतात. पॉइंट उरत असतील तर इथे घाला.

कॅरेक्टर तपासायची पद्धत

नव्या कॅरेक्टरवर महिनाभराची मेहनत लावण्याआधी सँडबॉक्समध्ये (सेटिंग आपण ठरवतो तो मोड) तेच कॅरेक्टर घेऊन कोणत्याही शांत गावाच्या कडेला उतरा. ठरवलेलं हत्यार हातात घ्या, पिशवी रिकामी ठेवा, आणि एकेक झॉम्बी बाजूला ओढून न थांबता मारत राहा. थकव्याचं पहिलं चिन्ह कितव्या झॉम्बीला येतं ते लिहून ठेवा. मग बसा आणि चिन्ह जायला गेममधली किती मिनिटं लागतात तेही लिहा. आता फक्त फिटनेसचा ट्रेट बदलून हेच पुन्हा करा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून मगच पॉइंट कुठे घालायचे ते ठरवा.