२९ ऑगस्टची हॉकी चित्रकोडी: आधी हात बघा

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाला, मुलांसमोर हॉकीची चित्रकोडी मांडायची असतील तर चित्र निवडताक्षणी खेळाडूचे हात बघा. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला, उजवा त्याच्या खाली. मैदानी हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच. स्टिकची एकच बाजू सपाट असते, डावीकडची, आणि मागच्या गोलसर बाजूने चेंडू खेळायचा नाही असा नियम आहे. चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटलं की उजवा हात वर जातो आणि खेळाडूच्या हातात जगात नसलेली स्टिक येते. मागच्या खेपेला हेच बघायचं राहिलं आणि कापून तयार झालेले संच टाकून द्यावे लागले. स्टिकचं वळलेलं टोक पाहून ठरवू नका, रिव्हर्स फटक्यात, म्हणजे स्टिक उलटी फिरवून मारताना, ते दुसरीकडेच वळलेलं असतं. जर्सीवरच्या आकड्यावरही विसंबू नका, रेखाचित्रात बहुधा आकडाच नसतो. हात बघा. एकाच हातात स्टिक धरून झेप घेतलेलं चित्र नकोच.

नेटवर नुसतं ‘हॉकी’ शोधलंत तर बर्फावरची हॉकी ढिगाने येते. तिथे चेंडूऐवजी चपटी चकती, पायात स्केट, आणि स्टिक डावखुऱ्यांची वेगळी, उजव्यांची वेगळी. त्यातला एक खेळाडू उचलून हिरव्या मैदानावर चिकटवायचा मोह टाळा.

निळ्या टर्फचे फोटो (२०१२च्या लंडन ऑलिंपिकपासून हेच जास्त दिसतात) देखणे असतात, पण अर्धं चित्र सपाट निळं असलं की निम्मे तुकडे एकसारखे होतात आणि मूल कंटाळून उठतं. पेनल्टी कॉर्नरचं चित्र घ्या. गोलकीपर धरून पाच बचावपटू मागच्या रेषेपलीकडे, समोर ‘डी’च्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) कडेला हल्ला करणारे, जवळजवळ प्रत्येक तुकड्यात काहीतरी येतं. बालवाडीसाठी मात्र गर्दी नको, एकच खेळाडू मोठा हवा. पुण्यात असाल तर खडकीचे धनराज पिल्ले, लांब केस उडताहेत, असं.

तुकडे ए-फोर कागदावर: चार-पाच वर्षांना १२, सहा-सातला २४, आठच्या पुढे ४८. २४चे तुकडे साधारण पाच सेंटिमीटरचे होतात, बोटांत नीट बसतात. छापण्याआधी चित्रावर चौकटी आखून पाहा. चेंडू, चेहरा आणि स्टिकचं टोक कापाच्या रेषेवर येता कामा नये. चेंडू तसाही एवढासा, त्याचे चार तुकडे झाले की तो सापडत नाही.

छपाई लेझरवर करा. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. एकच प्रत काढा आणि पुन्हा हात बघा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ चालू राहिलं असेल तर चित्र इथेही उलटतं. मगच बाकीच्या प्रती काढा.

पुठ्ठा दोन मिलिमीटरचा, करडा. फेविकॉलमध्ये पाणी घालू नका, कागदाला फुगे येतात. पातळ थर द्या आणि मागच्या बाजूलाही साधा कागद चिकटवा. एकाच बाजूला कागद असला की पुठ्ठा वाळताना वाकतो. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. कापण्याआधी मागे उभ्या-आडव्या रंगीत रेघा मारा, प्रत्येक संचाला वेगळा रंग, म्हणजे दोन संच मिसळले तरी निवडता येतात. नवं पातं, स्टीलची पट्टी, एकाच रेषेवर चार-पाच हलके हात. जोर लावलात तर पट्टी सरकते. सरळ कापलेले तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून खाली दीड सेंटिमीटर काठाची पुठ्ठ्याची चौकट हवी.

‘फरक ओळखा’ करताना धोका सगळ्यात जास्त, कारण जोडी समोरासमोर दिसावी म्हणून दुसरं चित्र हमखास उलटवलं जातं. उलटवू नका. दोन्ही चित्रांतले हात बघा. आठ फरक पुरे: पॅडचा पट्टा, कोपऱ्यातला झेंडा, मोज्यांचा रंग, गोलच्या जाळीतलं भोक. चेंडू काढून टाकू नका, पहिल्या सेकंदाला कळतं.

ठिपके जोडायच्या कोड्याला ४०च्या वर ठिपके नकोत. ट्रेसिंग कागद पालथा पडला की चित्र उलटं. हात!

पाकिटं, उत्तराचं छोटं चित्र, एक जादा संच. कात्री-कटर मुलांपासून लांब.