स्वतःची प्रोग्रामिंग लँग्वेज बनवताय? मग या चुका टाळा

स्वतःची लँग्वेज बनवायचं वेड एकदा लागलं की सुटत नाही, आणि सुटूही नये, पण बरीच हुशार मंडळी दोन-तीन महिन्यांत थंडावतात आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं की त्यांची लँग्वेज शेवटपर्यंत कधी चाललेलीच नसते. लेक्सर (टेक्स्टचे टोकन म्हणजे सुटे तुकडे करणारा भाग) झाला, पार्सर (त्या टोकनांची रचना ओळखून ट्री बांधणारा भाग) झाला, मग कीवर्ड बदलले, मग महिरपी कंस ठेवायचे का इंडेंटेशन यात महिना गेला, आणि दोन आकड्यांची बेरीज छापणारा प्रोग्राम काही रन झाला नाही. असं करू नका. पहिल्या आठवड्यात नुसते आकडे आणि अधिक-वजा एवढंच घ्या पण ते टेक्स्टपासून उत्तरापर्यंत पूर्ण चालवा, मग व्हेरिएबल, मग इफ, मग फंक्शन, आणि दर वेळी सगळ्या टप्प्यांतून आरपार जा.

पार्सरमधे एका जागी जवळजवळ सगळेच अडकतात. हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर, म्हणजे प्रत्येक नियमासाठी एक फंक्शन असलेला, चालू केला की लगेच स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे फंक्शन कॉल साचून साचून प्रोग्राम कोसळतो. ग्रामर (लँग्वेजच्या रचनेचे नियम) बघा, 'एक्स्प्रेशन म्हणजे एक्स्प्रेशन वजा टर्म' (टर्म म्हणजे इथे एखादा आकडा) हा नियम जसाच्या तसा फंक्शनमधे उतरवला असेल तर ते एकही टोकन न खाता स्वतःलाच कॉल करत बसतं, याला लेफ्ट रिकर्शन म्हणतात. मग लोक नियम उलटा करून 'टर्म वजा एक्स्प्रेशन' लिहितात, क्रॅश थांबतो, बेरजेच्या टेस्ट पास होतात. आता १० - ३ - २ देऊन बघा. उत्तर ५ यायला हवं, येतं ९, कारण ट्री १० - (३ - २) असा बनलाय. बेरजेत हे कधीच दिसत नाही, म्हणून वजाबाकीची टेस्ट पहिल्याच दिवशी लिहा. उपाय साधा आहे, एक टर्म वाचायची आणि पुढे वजा दिसतंय तोवर लूपमधे आधीचं सगळं डावीकडे ठेवून नवीन नोड बांधत जायचं. ऑपरेटर वाढले की प्रॅट पार्सिंग, म्हणजे प्रत्येक ऑपरेटरला प्राधान्याचा आकडा देऊन पार्स करणं, शिकून घ्या, १९७३ सालची पद्धत आहे आणि अजून तितकीच कामाची आहे. हाताने पार्सर लिहिण्यात कमीपणा काहीच नाही, जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरनेसुद्धा (कंपायलर म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) बायसनचा, म्हणजे ग्रामरवरून पार्सर आपोआप बनवणाऱ्या टूलचा, पार्सर काढून सी प्लस प्लससाठी २००४ मधे आणि सी साठी २००६ मधे हाताने लिहिलेलाच घेतला.

एरर मेसेज 'नंतर बघू' म्हणून सोडू नका, प्लीज. प्रत्येक टोकनसोबत ओळ आणि कॉलम पहिल्यापासून ठेवा, कारण नंतर घालायचं म्हटलं तर टाइप चेकरपर्यंत (आकडा, टेक्स्ट असे प्रकार जुळतात का ते तपासणारा भाग) सगळं उसवावं लागतं, मी हे एकदा केलंय आणि परत करायची तयारी नाही. एक सेमीकोलन राहिला आणि चाळीस एरर आल्या तर पहिल्या एररनंतर पुढच्या सेमीकोलनपर्यंतची टोकनं टाकून द्या आणि तिथून पार्सिंग परत सुरू करा. टाइप चेकरमधे एक खास 'एरर टाइप' ठेवा जो कुणाशीही जुळतो, म्हणजे एका चुकीच्या व्हेरिएबलमुळे पुढच्या दहा ओळी ओरडणार नाहीत.

डिझाइनमधे घाईचे निर्णय फार महाग पडतात. मेक या प्रोग्राम बिल्ड करणाऱ्या टूलच्या मेकफाईलमधे कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, ती सक्ती १९७६ पासूनची आहे, मेक बनवणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमन यांना ती खटकली तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांचं बिघडू नये म्हणून ती तशीच राहिली. टोनी होअर यांनी १९६५ मधे अल्गोल डब्ल्यू या लँग्वेजमधे नल रेफरन्स (कशाकडेच न दाखवणारा रेफरन्स) घातला कारण करायला सोपा होता, २००९ मधे त्यांनीच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या आधी स्वतःच्या लँग्वेजमधे हजारेक ओळींचं खरं काहीतरी लिहा, जिथे तुमचा हात अडखळेल तिथे डिझाइन बदला, तेव्हा बदलणं फुकट असतं.

आता करिअर. नोकरीत नवीन लँग्वेज डिझाइन करायला मिळेल असं धरून चाललात तर निराशा येते. रस्ट ही लँग्वेज २००६ मधे ग्रेडन होअर यांचा खाजगी प्रोजेक्ट म्हणून सुरू झाली आणि १.० यायला २०१५ उजाडलं. पगाराचं काम जास्त करून चालू कंपायलरमधे असतं, नव्या चिपसाठी बॅकएंड (मशीन कोड बनवणारा भाग), मशीन लर्निंगचे कंपायलर, डीबग इन्फो (डीबगरला लागणारी माहिती), आणि भरपूर बग. तिथे दुसऱ्याचा लाखो ओळींचा कोड वाचता येणं लागतं. एलएलव्हीएम या ओपन सोर्स कंपायलर प्रोजेक्टमधे शिरायचं असेल तर मोठं फीचर घेऊन जाऊ नका, एखादा मिसकंपाईलचा रिपोर्ट उचला, ऑप्टिमायझेशन बंद केल्यावर उत्तर बरोबर आणि चालू केल्यावर चूक असा, त्यातला चारशे ओळींचा प्रोग्राम सी-रिड्यूस या आपोआप कोड छाटणाऱ्या टूलने कापत कापत सात-आठ ओळींवर आणा, मग ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट या एलएलव्हीएमच्या ऑप्शनने नेमका कुठला पास (ऑप्टिमायझेशनचा एक टप्पा) बिघडवतोय ते शोधा आणि तेवढंच त्या रिपोर्टखाली लिहा. फिक्स नाही जमला तरी चालेल, ज्याला तो पास माहितीये तो त्या सात ओळी बघून लगेच कामाला लागतो.