गच्चीवरची पाच अँटेना: सिग्नलची दिशा ओळखणारी मांडणी

एकच रेडिओलहर एका अँटेनावर किंचित आधी आणि शेजारच्या अँटेनावर किंचित उशिरा पोहोचते. त्यामुळे फेजमध्ये, म्हणजे लहरीच्या चढउतारातल्या स्थितीमध्ये, पडणाऱ्या फरकावरूनच सिग्नलची दिशा काढता येते. साताऱ्यातल्या एखाद्या गच्चीवर ४३५ मेगाहर्ट्झच्या हॅम (हौशी रेडिओ) पट्ट्यासाठी अशी मांडणी कशी करावी, ते येथे सांगितले आहे.

सरळ रेषेत लावलेल्या अँटेनांना पुढून आलेला आणि मागून आलेला सिग्नल वेगळा ओळखता येत नाही, म्हणून पाच अँटेनांचे वर्तुळ घ्यावे. या फ्रीक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे ६९ सेंमी असते. शेजारच्या दोन अँटेनांमधले अंतर तिच्या निम्म्याहून वाढले तर खोट्या दिशा दिसू लागतात आणि फार कमी झाले तर अँटेना एकमेकींवर परिणाम करतात. त्यामुळे ३१ सेंमी अंतर योग्य ठरते. त्यासाठी २६.४ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ आखून दर ७२ अंशांवर एक खूण करावी. अँटेनांचा क्रम आणि तो मोजण्याची दिशा सॉफ्टवेअरमधल्याप्रमाणेच ठेवावी, नाहीतर उत्तर आरशातल्यासारखे उलटे येते.

खरी काळजी घ्यावी लागते ती अँटेनांपासून रिसीव्हरपर्यंतच्या केबलची. आरजी-५८ केबलमध्ये लहर प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जाते, म्हणजे एका केबलची लांबी फक्त १ सेंमीने जास्त झाली तरी जवळजवळ ८ अंशांची फेज चुकते. पाचही तुकडे एकाच गुंडाळीतून, शेजारी शेजारी धरून कापावेत आणि कनेक्टरही एकाच प्रकारचे लावावेत. क्रॅकनएसडीआरसारखा पाच चॅनेलचा रिसीव्हर आपल्या आतल्या नॉइज सोर्सने (सगळ्या चॅनेलना एकच सिग्नल पुरवणाऱ्या भागाने) स्वतःचे चॅनेल जुळवून घेतो, पण डब्याबाहेरच्या केबलमधला फरक त्याला दिसत नाही. पाच सुटे डोंगल (यूएसबीला जोडायचे छोटे रिसीव्हर) घेऊन काम भागत नाही, कारण प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते.

जागा निवडताना टाकीचा लोखंडी स्टँड, पत्र्याची शेड आणि सोलर वॉटर हीटर यांच्यापासून शक्य तितके लांब राहावे, आणि अँटेनांचा खांब कठड्याच्या बराच वर न्यावा. दक्षिणेला अजिंक्यतारा आणि पश्चिमेला यवतेश्वर असल्यामुळे डोंगरउतारावरून परतलेला सिग्नलही येणार, हे गृहीतच धरावे. फेजवरून दिशा काढण्याच्या गणितासाठी म्युझिक (MUSIC) नावाची पद्धत वापरावी. रिचर्ड रॉय आणि पुण्यात शिकलेले थॉमस कैलाथ यांची एस्प्रिट (ESPRIT) ही दिशा काढण्याची दुसरी पद्धत देखणी आहे खरी, पण ती सरळ रेषेतल्या मांडणीला अधिक साजते. मूळ सिग्नल आणि त्याचेच परावर्तन एकत्र आले की म्युझिकही गोंधळते, त्यामुळे चांगल्या जागेची उणीव चांगली पद्धत भरून काढत नाही.

चाचणीसाठी परवानाधारक हॅम मित्राला हँडसेट घेऊन अजिंक्यताऱ्यावर आणि मग शहराभोवतीच्या दोन-चार मोकळ्या जागी उभे करावे. दोन्ही टोकांच्या जीपीएस नोंदींवरून खरी दिशा काढावी; स्लॅबमधल्या सळ्यांमुळे गच्चीवर होकायंत्र भरवशाचे नसते. चूक सगळीकडे सारखीच येत असेल तर खांब तेवढा फिरवला की काम होते. ती दिशेनुसार बदलत असेल, तर खांब मीटरभर सरकवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी: चुका बदलल्या तर दोष परावर्तनाचा, तशाच राहिल्या तर केबल पुन्हा मोजाव्यात.