डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला घरीच ठेवायचं असेल तर

सगळ्यात आधी सगळ्या भावंडांना एका कॉलवर घ्या, पुण्याचे, भोपाळचे, अमेरिकेतले, सगळे, आणि तिथेच ठरवून टाका की रात्री दोन वाजता श्वास बिघडला तर आपण काय करणार. गादी, डायपर, अटेंडंट हे सगळं नंतर बघता येतं. पण हे ठरलेलं नसलं ना, की जो सगळ्यात लांब राहतो तोच फोनवरून सगळ्यात मोठ्याने "आयसीयूत हलवा" म्हणतो आणि जी सून इतकी वर्षं शी-शू काढतेय ती गप्प बसते. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळी दिरांनी, नणंदेनी आणि आम्ही दोघांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवल्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. व्हेंटिलेटर नाही, नाकात नळी नाही, हाड मोडलं किंवा दुखणं घरी आवरेना तर हॉस्पिटल, बाकी सगळं घरी.

आता शेवटचा टप्पा आलाय हे ओळखायचं कसं? घरातल्या आजी दिवसभरात जेमतेम पाच-सहा शब्द बोलतात, आधाराशिवाय बसता येत नाही, चालणं बंद, शी-शूवर ताबा नाही, वजन उतरतंय आणि घास तोंडातच धरून ठेवतात. यातलं बरंचसं दिसायला लागलं की समजा. त्यात परत परत छातीत कफ होऊन ताप, लघवीचं इन्फेक्शन, हे सुरू झालं तर डॉक्टरांना सरळ विचारा की आता आपण बरं करायला बघतोय की आराम द्यायला. बरेच डॉक्टर आपणहून विषय काढत नाहीत, आपणच काढावा लागतो. आणि हो, लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी आपल्यावर कोणते उपचार करायचे नाहीत हे आधीच लिहून ठेवणं, करायचं असेल तर ते डोकं शाबूत असतानाच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही पुरते. पण आजार पुढे गेल्यावर आजींच्या सहीला अर्थ राहत नाही, तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनी याच महिन्यात करून घ्या.

जेवणाचं जरा सविस्तर सांगते, कारण घरात सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात.

भरवताना माणूस सरळ बसलेला पाहिजे, पाठीला उशा, हनुवटी किंचित खाली. आपल्याकडे लहान बाळाला मान मागे करून वाटीने पाजायची सवय असते, इथे ते चुकूनही करू नका, पाणी सरळ श्वासनलिकेत जातं आणि त्यातूनच न्यूमोनिया होतो. लहान चमचा, अर्धाच भरलेला, आणि गळा वर-खाली झालेला दिसला की मगच पुढचा. ओठाला चमचा लावून थांबा, तोंड आपोआप उघडतं, नाही उघडलं तर दाबून उघडू नका आणि नाक तर अजिबात धरू नका (हे करणारे लोक आहेत, म्हणून लिहितेय). शेवटी गालात काही साठलंय का ते बघा, सासूबाईंच्या डाव्या गालात सकाळचा पोह्याचा दाणा संध्याकाळी सापडायचा, मग पोहे बंदच केले. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पातळ पाण्याने ठसका जास्त लागतो, त्यापेक्षा तांदळाची पेज, नाचणीचं सत्व, सातूचं पीठ दुधात, रव्याची खीर, अशा जरा दाट गोष्टी बऱ्या उतरतात. गोडाची चव बरेचदा उशिरापर्यंत टिकते. शुगर आहे म्हणून शेवटच्या महिन्यात शिरा नाकारण्यात मला तरी काही अर्थ दिसला नाही, फक्त त्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, खाणं कमी झाल्यावर तोच डोस चालू राहिला तर शुगर खाली जाते.

खाणं हळूहळू बंदच होतं. हे बघवत नाही आणि मग कोणीतरी म्हणतंच, "नळी टाका." शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, न्यूमोनियाही टळत नाही, उलट माणूस ती ओढून काढतो म्हणून हात बांधायची वेळ येते. म्हणून जगभरातले वृद्धांचे डॉक्टर हाताने जेवढं जाईल तेवढंच भरवा म्हणतात. सलाईनचंही तसंच. आपल्या लोकांचा बाटलीवर फार विश्वास, पण ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, बाकी पाणी. त्याने ताकद येत नाही, आणि अगदी शेवटी तर ते पाणी हातापायावर सूज आणि छातीत घरघर होऊन बसतं. शरीर थांबायला लागलंय म्हणून भूक गेलीय, हे मामा-मावश्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा, सुनेने सांगितलं तर वेगळाच अर्थ निघतो.

कोरडं तोंड मात्र त्रास देतं, त्याची काळजी घ्या. मऊ कापड किंवा स्पंज बोटाला गुंडाळून, पाण्यात बुडवून, चांगलं पिळून, दर दोन-तीन तासांनी तोंड आतून पुसायचं, ओठांना तूप नाहीतर व्हॅसलीन.

पाठीचं बघा आता. एअर मॅट्रेस, म्हणजे हवेची गादी आणा, आमच्या इंदूरच्या दवा बाजारात मिळते, भाड्यानेही मिळते. पण तिचा पंप विजेवर चालतो, लाईट गेली की गादी हळूहळू बसते आणि हाडं थेट फळीवर येतात, तेव्हा तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच लावा, टीव्ही नसला तरी चालेल. मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही, साधारण दर दोन तासांनी, पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन जरा तिरकं. टाचा पोटऱ्यांखाली उशी देऊन अधांतरी ठेवा. दुकानदार ती गोल रबरी रिंग गळ्यात मारतो, ती घेऊ नका, कडेने दाब येऊन रक्तपुरवठा उलट कमी होतो. माकडहाड, खुबे, टाचा रोज स्पंज करताना बघा, लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, त्यावर चोळायचं नाही, स्पिरिट-पावडर नाही, त्या बाजूवर झोपवणं बंद आणि डॉक्टरांना फोटो पाठवा.

आणि हाताच्या मुठी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी बोटं इतकी घट्ट मिटतात की नखं तळव्यात रुततात आणि आत घाम साचून वास येतो. मूठ जोर लावून उघडायची नाही, मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात, मग कोमट पाण्याने पुसून, अगदी कोरडं करून, जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीची गुंडाळी आत ठेवायची. आमच्या सासूबाई ती गुंडाळी सोडायच्याच नाहीत, धुवायला घ्यायची तर दुसरी आधी द्यावी लागायची.

दुखतंय का हे त्या सांगू शकत नाहीत, त्यामुळे चेहरा वाचायचा. कपाळावर आठ्या, कण्हणं, श्वास जोरात, अंग आखडून घेणं, हात झटकणं, जवळ घेऊनही शांत न होणं. डॉक्टर लोक यातूनच पाच गोष्टींना शून्य ते दोन मार्क देऊन दहापैकी मोजतात, श्वास, आवाज, चेहरा, अंग आणि समजूत पटते का. तुम्ही वहीत नुसतं "कूस बदलताना ओरडल्या" असं वेळेसकट लिहिलं तरी डॉक्टरांना पुरतं. अचानक चिडचिड, आरडाओरडा वाढला तर झोपेची गोळी मागायच्या आधी तीन गोष्टी बघा, शी किती दिवसांत झाली नाही, लघवी तुंबलीय का, ताप आहे का. दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असतं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल ठरवून दिलेल्या वेळेला, आणि आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी एक डोस येईल असं डॉक्टरांकडून बसवून घ्या. त्याने भागलं नाही तर मॉर्फीन. नाव ऐकून घाबरू नका, थोड्या डोसमध्ये ते दम लागण्यावरही देतात, पण पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत पाहिजे नाहीतर बद्धकोष्ठ होतोच. २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फीन ठेवायची परवानगी हॉस्पिटलांना सोपी झाली, तरी प्रत्येक मेडिकलवर ते नसतं, म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करून आराम देणाऱ्या, डॉक्टरांशी ओळख आधीच करून ठेवा. कुठे चौकशी करावी हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथून सुरुवात करा. सत्तरीच्या पुढचं आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात भरती झाल्यावर कामाला येतं, घरच्या अटेंडंटच्या पगाराला नाही, तो हिशोब भावंडांच्या त्या पहिल्या कॉलमध्येच करा.

इंदूरच्या मराठी घरांतली एक खास अडचण. आजी आयुष्यभर शेजारणींशी झकास हिंदी बोलल्या, पण आता हिंदी पुसली गेलीय आणि लहानपणची मराठीच तेवढी उरलीय, आणि अटेंडंट दीदी येते ती मालवी बोलणारी. आजी "तहान" म्हणतात, दीदी चादर बदलते. कपाटावर मोठ्या अक्षरात देवनागरीत लिहून लावा, तहान म्हणजे प्यास, शू, दुखतंय, नको, थंडी वाजतेय, आणि समोर हिंदी. दीदीला "आजी, कूस बदलूया हं" एवढं वाक्य पाठ करून घ्या, हात लावायच्या आधी म्हणायला. फरक पडतो, अंग कमी आखडतं. आणि रात्रीची पाळी घरातल्यांनी वाटून घ्या, एकाच बाईने दिवस-रात्र दोन्ही करायची नाही, मग ती कितीही "मला सवय आहे" म्हणो.

शेवटचे दोन-चार दिवस साधारण असे दिसतात. झोप वाढते, लघवी कमी आणि गडद, हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी, श्वास भरभर मग एकदम थांबतो आणि परत सुरू होतो. घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्याला जास्त छळते, आजींना बहुधा त्याचं भान नसतं. कुशीवर करा, डोकं थोडं उंच, बस. सक्शनची नळी खोल घालायला सांगू नका, गरज पडली तर स्राव कमी करायचं इंजेक्शन असतं. दम लागलेला वाटला तर खिडकी उघडा, चेहऱ्यावर छोटा पंखा. बोलत राहा, ऐकू येणं शेवटपर्यंत टिकतं असं मानूनच खोलीत वागा, म्हणजे दागिन्यांच्या गप्पा बाहेर. गंगाजल आणि तुळस हवीच असते, तेव्हा पळीने घशात ओतू नका, बोट बुडवून ओठांवर आणि जिभेच्या टोकावर एक थेंब. गंगाजल संपलेलं असेल तर घाबरून जायचं कारण नाही, आपल्या इंदूरच्या नळाला नर्मदाच येते.

श्वास थांबल्यावर घाई कशाचीच नसते. फॅमिली डॉक्टरांना फोन करा, शेवटच्या आजारात ज्यांनी बघितलंय त्यांनी मृत्यूचं कारण लिहून द्यायचं असतं, म्हणून त्यांना आधीच विचारून ठेवा की रात्री-अपरात्री याल ना, आणि नसाल तर कोण. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढावा लागतो, त्याचा स्फोट होतो, हे विसरतात लोक. २१ दिवसांच्या आत नगर निगमात नोंद करा, आधारची झेरॉक्स आणि डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा, सर्टिफिकेटच्या प्रती भरपूर काढा, बँक आणि पेन्शन सगळेच मागतात. उरलेलं मॉर्फीन घरात ठेवू नका, जिथून आणलं तिथे परत द्या. दीदीचा त्या महिन्याचा पगार दिवस न मोजता पूर्ण द्या. गादी धुऊन, वाळवून, पंपासकट कुणाला हवी का ते विचारा, आमची तर तेराव्याच्या आतच लोकमान्यनगरच्या एका घरी गेली.