लिब्रेऑफिस रायटरमध्ये देवनागरी मजकुराचा फॉन्ट आणि आकार ताब्यात ठेवण्यासाठी

लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुरासाठी फॉन्ट, आकार आणि भाषा यांचे तीन वेगळे संच ठेवते: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. देवनागरी सीटीएलमध्ये मोडते. इंग्रजी अक्षरं मोठी झाली पण मराठी तेवढीच राहिली, किंवा फॉन्ट बदलूनही शीर्षक जुन्याच रूपात दिसतं, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

आधी टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस अँड लोकेल्स > जनरल इथे जा (जुन्या आवृत्तीत हाच भाग लँग्वेज सेटिंग्ज नावाने आहे). कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करा आणि पुढच्या यादीतून मराठी निवडा. तिथे हिंदी राहिलं तर शुद्धलेखन तपासणी अचूक मराठी शब्दांखालीही लाल रेघा ओढते. शिवाय काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, भाषा मराठी असेल तरच ती उमटतात. यादीत मराठीच्या आधी ‘एबीसी’ची खूण नसेल, तर शब्दकोश बसवलेला नाही असं समजा. त्याच ऑप्शन्समध्ये लिब्रेऑफिस रायटर > बेसिक फॉन्ट्स (सीटीएल) इथे नव्या फाइलींसाठी फॉन्ट आणि आकार ठरवून टाका.

आधीच लिहिलेल्या फाइलीत मात्र स्टाइलच (फॉन्ट, आकार वगैरेंचा नाव देऊन ठेवलेला साचा) बदलावी. एफ ११ दाबा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवी क्लिक करून ती संपादनासाठी उघडा आणि फॉन्टच्या पानावर सीटीएलचा भाग भरा. वेस्टर्नचा भाग वर असल्यामुळे बरेच जण तोच भरून बाहेर पडतात. शीर्षकं यातून बदलणार नाहीत, कारण हेडिंग या मूळ स्टाइलला स्वतःचा फॉन्ट असतो. तिथेही हेच करा, म्हणजे हेडिंग १, हेडिंग २ वगैरे आपोआप मागे येतात. तरीही काही परिच्छेद हलत नसतील, तर त्यांवर कोणीतरी हाताने फॉन्ट लावलेला आहे. ते निवडून कंट्रोल-एम दाबा. हाताने केलेलं ठळक आणि तिरपंही त्यात पुसलं जातं, म्हणून सगळी फाइल एकदम निवडू नका.

दुसऱ्याकडून आलेल्या फाइलीत टूलबारवरचं फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरांत दिसलं, तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही. दिसतोय तो पर्यायी फॉन्ट. ओळींची लांबी आणि पानांची संख्या त्यामुळेच बदलते. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर प्रकरण वेगळं आहे: तो युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर असण्याची शक्यता मोठी. युनिकोड फॉन्ट लावून तो वाचता येणार नाही, त्या विशिष्ट फॉन्टसाठीचा कन्व्हर्टरच लागतो.

टंकताना हमखास चुकणारी एक गोष्ट: ‘दऱ्या’मधला ऱ्य. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट-जे (ऱ), डी (हलन्त) आणि मग य. साध्या र ने ‘दर्या’ होतं, आणि शब्दच बदलतो.

फाइल फक्त वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ करा, त्यात फॉन्ट आपोआप जातात. समोरच्याने संपादन करायचं असेल, तर फाइल > प्रॉपर्टीज > फॉन्ट इथे ‘एम्बेड फॉन्ट्स इन डॉक्युमेंट’ निवडा. फाइल फुगू नये म्हणून फक्त वापरलेलेच फॉन्ट घालण्याचा पर्यायही घ्या. खाली लिप्यांच्या यादीतली ‘कॉम्प्लेक्स’वरची टिक काढू नका, ती गेली तर देवनागरी फॉन्टच मागे राहतो.