पाण्याच्या परीक्षणावरून तलावातील वनस्पतिप्लवकांचा अंदाज कसा बांधावा

नमुना चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या बाटलीत घेतला, तर पुढचे सगळे आकडे वाया जातात. म्हणून सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्ल-अल्कता) पहाटे आणि दुपारी असा दोनदा, तलावाच्या काठावरच मोजावा. उन्हात वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाले, कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्याने दाट शैवाल असलेल्या तलावाचा सामू दुपारी ९ च्या वर सहज जातो, आणि अशा पाण्यात बायकार्बोनेटवर भागवू शकणारी नील-हरित शैवाले वरचढ ठरतात. बाटल्या फॉस्फेटयुक्त साबणाने धुऊ नयेत. सिलिकेचा नमुना प्लास्टिकच्याच बाटलीत ठेवावा, कारण काचेतून सिलिका पाण्यात उतरते.

सर्वाधिक फसगत स्फुरदाबाबत (फॉस्फरस) होते. शैवाल ऐन बहरात असताना विरघळलेले फॉस्फेट जवळजवळ शून्य दिसते, आणि नवखा अभ्यासक पाणी स्वच्छ असल्याचे लिहून मोकळा होतो. वास्तविक ते फॉस्फेट पेशींच्या पोटात गेलेले असते. म्हणून एकूण स्फुरदच मोजावा. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचे सरोवर पडद्याने दुभागून एका भागात कर्ब व नत्र, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही घातला, तेव्हा हिरवा झाला तो स्फुरद घातलेलाच भाग.

त्यानंतर एकूण नत्राला एकूण स्फुरदाने भागावे. वजनी गुणोत्तर ७ च्या बरेच खाली असेल, तर हवेतला नत्र बांधणाऱ्या ॲनाबिनासारख्या शैवालांची शक्यता धरावी. मात्र मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल नत्र बांधत नसूनही तलाव व्यापते, तेव्हा एकट्या गुणोत्तरावर निष्कर्ष काढू नये. सिलिका संपत आली असेल, तर डायटमचा, म्हणजे सिलिकेचे कवच असलेल्या शैवालांचा, हंगाम आटोपला असे समजावे.

खारट, अल्कधर्मी पाण्यात हे हिशेब दुय्यम ठरतात. लोणार सरोवराचा सामू सुमारे १० असल्याने तेथे स्पिरुलिना या नील-हरित शैवालासारखे मोजकेच जीव तगतात. रंगावरही विसंबू नये: जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीनुसार हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, आणि हे वनस्पतिप्लवक नव्हेत.

अंदाज पडताळण्यासाठी जाळीने न गाळलेल्या पाण्यात कोऱ्या चहासारखा फिकट रंग येईपर्यंत ल्युगोलचे आयोडीन (पेशी टिकवणारे व रंगवणारे द्रावण) घालावे, पेशी तळाशी बसू द्याव्यात आणि मगच मोजणी करावी. जाळीतून बारीक पेशी निसटतात.